सातव्या रिळातला दोर

टाकीजमधली बायकांच्या बाजूची दारवाली नेमकं करायची काय, असं आजकालच्या पोरी मला विचारतात. त्यांना वाटतं, तिकीट फाडायचं आणि स्टुलावर बसून फुकट सिनेमा पाहायचा. अहो, तिकीट फाडणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. रडकं पोर बाहेर न्यायचं, सासूने दारावर पाठवलेला निरोप अंधारात नेमक्या तिच्याच सुनेच्या कानात सांगायचा, चुकून शिरलेल्या पुरुषाला बाहेर काढायचं, आणि मुद्दाम शिरलेल्याला तर जास्तच. माठ भरायचा, भुईमुगाची टरफलं झाडायची. आणि हे सगळं करताना एक कान घंटीकडे ठेवून पडदा सांभाळायचा. पडद्याचं जरा नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी म्हणते ते दिवस लढाईचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, मोठ्या साहेबांच्या सह्या नागपूरला होत. अकोल्याचं आमचं टाकीज म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुरुषांसाठी बाकं आणि मागे थोड्या खुर्च्या, आणि डाव्या हाताला भिंतीलगत बायकांची जागा. दोन्हींच्या मधोमध तारेवर कड्यांनी टांगलेला जाड निळा पडदा. दिवे गेले की मी तो सरकवायची, म्हणजे बायकांना चित्र दिसे. दिवे यायच्या आधी ओढून घ्यायची, म्हणजे पुरुषांना बायका दिसत नसत. आमच्याकडे मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लागत, दुसरं चढे, पुन्हा अंधार. म्हणजे एका खेळात मी कितीदा पडदा ओढत असेन ते तुम्हीच पाहा. हाताला घट्टे पडले होते.

हे आज हसण्यासारखं वाटेल. पण आमच्याकडे येणाऱ्या बायकांत देशमुखांच्या घरच्या पुष्कळ असत, आणि त्यांना कडक गोषा. झाकलेल्या दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, थेट माझ्या दारापाशी उतरत, तशाच परत जात. परक्या पुरुषाने त्यांचं तोंड पाहिलं असतं तर त्यांचं घराबाहेर पडणंच संपलं असतं. त्या येत त्या माझ्या पडद्याच्या भरवशावर, आणि त्याचा मला गर्व होता. अजून आहे.

आता घंटी. वर मशीनच्या खोलीतून माझ्या दारापर्यंत एक सुतळी आणि तिला पितळेची घंटी. रीळ संपत आलं की आमचे ऑपरेटर रहीमभाई ती ओढत. रहीमभाई घड्याळ पाहत नसत. नवा खेळ आला की पहिल्याच दिवशी प्रत्येक रिळाच्या शेवटाजवळचं एकेक चित्र ते हेरून ठेवत. मारुती समुद्रावरून उडाला की घंटी. राजाने मुकुट उतरवला की घंटी. हात आपोआप सुतळीवर जाई. एवढ्या वर्षांत घंटी चुकली ती एकदाच, आणि त्या एकदाचीच ही हकीगत.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार होती. देवाचा खेळ असला की एक बाई ताट, निरांजन सगळं घेऊन येत आणि देव दिसला की उभ्या राहून ओवाळत. पत्र्याखाली आग लागेल म्हणून मी काडेपेटी काढून घ्यायची, तर दुसऱ्या दिवशी केसांत खोचून आणत. एकीला राक्षस दिसला की शिव्या द्यायची सवय होती, आणि त्या शिव्या ऐकायला म्हणून पडद्यापलीकडची बाकं आधी भरत. काही बायका नुसत्या झोपायला येत. खोटं नाही सांगत. घरी दुपारी डोळा लागायची सोय नाही, कोणी ना कोणी हाक मारणारच. इथे तिकीट काढलं की अंधार आहे आणि नावाने ओळखणारं कोणी नाही. त्या पहिल्या रिळातच भिंतीला टेकत. मी त्यांना कधी उठवलं नाही. खेळ संपल्यावर कथा तेवढी सांगून द्यायची, घरी कोणी विचारलं तर बिचाऱ्यांना बोलता यावं.

तर अशा टाकीजमध्ये पुण्याकडच्या एका कंपनीचा खेळ आला. नाव लिहीत नाही. काढणारे आता नाहीत, त्यांच्या लेकरांना कशाला दुखवा? आम्ही त्याला विहिरीचा खेळ म्हणत होतो. आधी अमरावतीला चालला, मग बडनेऱ्यावरून त्याच्या पेट्या आमच्याकडे आल्या.

गोष्ट अशी. एका मोठ्या घरात दोन जावा. धाकटी विहिरीत सापडते. ढकलली कोणी, हे कोडं आहे. थोरली त्या दिवसापासून बोलेनाशी होते. आणि मग रिळामागून रीळ ती नुसती घरात फिरते. देवघरात जाते, दिवा लावते, विझवते, माडीवरून विहिरीकडे पाहते. बोललीच तर इतकं हळू की आमच्या बायका एकमेकींना विचारत, "काय म्हणे वो?" गाणं नाही, मारामारी नाही. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या, बाकांवर थापा.

पण सातवं रीळ! त्यात तिला मागचं आठवतं. धाकटी पाण्यात आहे, वर हात करते आहे. थोरली काठावर येते, वाकून दोर उचलते, आणि दोर हातात घेऊन उभी राहते. टाकते की नाही ते दिसत नाही. तिचं तोंड तेवढं दिसतं, पुष्कळ वेळ. त्या नटीने तिथे काय केलं होतं देव जाणे. राग म्हणावा तर राग, भीती म्हणावी तर भीती. पहिल्या दिवशी माझ्या बाजूला पोरंसुद्धा गप्प झाली. शेजारच्या बाकावरच्या एका म्हातारीने माझं मनगट धरलं होतं, ते दिवे लागेपर्यंत सोडलं नाही. प्रत्येक बाईच्या मनात एखादी विहीर असते, असं मला तेव्हा वाटलं. मी काही शिकलेली नाही, पण वाटलं ते सांगते.

आणि एवढं करून शेवटच्या रिळात काय, तर तोवर कधीच न दिसलेला एक पोलीस इन्स्पेक्टर टोपी काढून खुर्चीत बसतो आणि भाषण देतो. धाकटीला दिवाणजीने ढकललं इस्टेटीसाठी, थोरली धक्क्याने बेशुद्ध पडली होती, तिचा काही दोष नाही. संपलं. बायका उठता उठता बोलल्या, "मंग इतका वेळ आमाले काऊन बसोलं?" अगदी तोंडाला पानं पुसली. इतकी वर्षं मी खेळ पाहिले, वाईट पुष्कळ पाहिले, त्यांचं काही वाटत नाही. ह्याचं वाटतं. खेळ काढणारा माणूस पार विहिरीच्या काठापर्यंत आला होता, आणि तिथे भ्याला.

आता नर्मदावहिनी. देशमुखांच्याच एका घरची थोरली सून. मूलबाळ नाही. तिची धाकटी जाऊ वर्षा-दीड वर्षामागे मळ्यातल्या विहिरीत बुडून मेली होती. पंचनाम्यात पाय घसरला असं आलं, आणि सरकारच्या लेखी ते मिटलं. गावाच्या लेखी मिटलं नाही, कारण त्या दिवशी विहिरीवर दोघीच होत्या, आणि दोघींचं पटत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनीने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. मेलेलीची पोर तुळशी, चार-पाच वर्षांची, ती वहिनीनेच उचलली. पोर तिला मोठी माय म्हणे. बापाने दुसरं लग्न केलं, नागपूरला नोकरी धरली, आणि कळवलं की पोरीचं काय करायचं ते तिची आजी म्हणेल तसं.

ही आजी म्हणजे काशीबाई, मेलेलीची आई, चांदूर बाजारकडच्या देशमुखांपैकी. ती पोरीला घेऊन जायला अकोल्यात आली आहे, हे माझ्या कानावर आलंच होतं. टाकीजच्या दारात सगळं कानावर येतं. नेलं असतं तर वहिनीने काय केलं असतं, कोणत्या तोंडाने अडवलं असतं? जिच्यावर गावाचा संशय, तिने मेलेलीच्या आईला लेकरू मागायचं कसं?

एका सकाळी मी बाकं पुसत होते, तर दारात दमणी उभी राहिली आणि काशीबाई एकटीच उतरली. उंच, वाळलेली, कपाळ उघडं. माझ्या बाकांकडे पाहत विचारलं की विहिरीचा खेळ इथेच लागला ना. मी हो म्हटलं. ती म्हणाली, तिने तो अमरावतीला भाच्याकडे असताना पाहिला आहे. मी म्हटलं, मग पुन्हा कशाला पैसे घालता, शेवट तर असा.

"मले खेळ नाई पाह्यचा," ती म्हणाली. "नर्मदेले घेऊन येतो दुपारच्याले. ते बाई दोर उचलते ना, तवा मले नर्मदेचं तोंड पाह्यचं हाये. मले तिच्या बाजूची जागा दे."

"अन् पाहून काय करान?" मी विचारलं.

"तोंड सांगनच. मंग पोरीले नेतो, अन् पुन्ना ह्या घरचं पानी नाई पेत."

नर्मदावहिनी मला आवडायची. दुसऱ्या बायका पोर रडलं की माझ्याकडे ढकलत, ही स्वतः उठून बाहेर नेई आणि परत येताना माझ्यासाठी मूठभर शेंगा आणी. तिला सांगून सावध करावं असं मनात आलं. पण काय सांगू? आणि ज्या बाईची लेक गेली तिचं चुकतं आहे असं तरी मी कोण म्हणणार? बाकं पुसत राहिले.

दुपारी खेळाच्या आधी रहीमभाई जिन्यावरून धाडधाड खाली आले. डोळे लाल. मालकांनी हुकूम दिला होता की पब्लिक बाकं मोडायला लागली आहे, सातव्या रिळातलं ते दोर उचलून नुसतं उभं राहणं कापून टाका. रहीमभाईंनी कापलं, तुकडा डब्यात ठेवला, आणि आता मालकांना नाही तर मला ऐकवत होते.

"इसी टुकडे में तो पिक्चर है, बाई. बाकी सब चलना-फिरना है."

मी त्यांना हो हो म्हटलं, पण खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं. दोरच नाही तर तोंड पाहायचं कधी? घंटीचा विचार ना माझ्या डोक्यात आला ना त्यांच्या. त्या रिळाची त्यांची घंटीची खूण होती ती तीच, बाई वाकून दोर उचलते ती. कापलेल्या तुकड्याबरोबर खूणही डब्यात गेली होती.

काशीबाई, वहिनी आणि तुळशी आल्या. वहिनीचं तोंड पदरात, बोट पोरीच्या मुठीत. मी त्यांना पडद्यालगतच्या बाकावर बसवलं. त्या बाकाला पाठ नव्हती, पण तिघींना सलग जागा तीच होती. दिवे गेले, मी पडदा सरकवला.

काशीबाईने खरंच खेळ पाहिला नाही. ती वहिनीकडे तोंड करून ताठ बसली. चित्राचा उजेड वहिनीच्या तोंडावर पडत होता, ते मलाही माझ्या जागेवरून दिसत होतं. पण वहिनीला खेळ पाहायला मिळतो कुठे? पोरीला तहान लागली, उठली. पोरीला बाहेर जायचं झालं, उठली. पोरीला विचारायचं होतं की ही बाई का बोलत नाही, तर वहिनी तिच्या कानात काही सांगे. पोर हसे. मग पोर पेंगली आणि मांडीवर आडवी झाली. बाक अरुंद, पोरीचे पाय बाहेर लोंबत होते.

सहाव्या रिळाला वहिनीची मान लवायला लागली. पहाटेपासून घरातलं करून आलेली बाई, आणि खेळ हा असा. सातवं रीळ चढलं तेव्हा ती बसल्या जागी गाढ झोपली होती. पदर खांद्यावर आला होता. काशीबाई पुढे झुकली. खेळातली बाई माडीवरून उतरली, अंगण ओलांडलं, विहिरीकडे निघाली. माझा कान घंटीकडे. वर रहीमभाईंचा हात, त्यांनी मला नंतर सांगितलं, सुतळीवरच होता, दोर उचलायची वाट पाहत.

बाई काठाशी आली आणि समोर सगळं पांढरं झालं. रीळ संपलं होतं. वरच्या मदतनिसाने सवयीप्रमाणे खटका दाबला आणि सगळ्या टाकीजमध्ये दिवे लागले. माझा पडदा उघडाच.

असा गलका मी पुन्हा ऐकला नाही. बायकांनी पदर ओढले, कोणी बाकाखाली वाकली, कोणी पोरालाच तोंडापुढे धरलं. मी पडद्याची दोरी धरून ओढायला लागले तर मधली कडी तारेवर अडकली. ओढते आणि हलत नाही. पलीकडे सगळी पुरुषमंडळी वळून बघत होती, आणि पहिल्या बाकावरून त्यांच्याच मळ्यात राबलेल्या एका गड्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ते पाह्य, ते विहीरवाली." काही जण हसले. काही उभे राहिले, नीट दिसावं म्हणून. आणि नर्मदावहिनी त्या सगळ्यांसमोर उघड्या तोंडाने झोपलेली. तिला कशाचाच पत्ता नाही.

मग काशीबाई उठली. मला वाटलं, आता ही बोलणार. गावाने आयतीच पंचायत भरवली होती, तिने नुसतं बोट दाखवायचं होतं. जन्मात परक्या पुरुषापुढे उभी न राहिलेली ती देशमुखीण डोक्यावरचा पदर सारखा न करता पुढे आली, वहिनीच्या आणि त्या माणसांच्या मधे उभी राहिली, हात पसरून, आपल्या पदराचा आडोसा केला. आणि आवाज न चढवता मला म्हणाली,

"पडदा ओढ वो बाई. माह्या नातीची माय झोपली हाये."

हसणं थांबलं. उभे होते ते बसले. कडी कशी सुटली मला आठवत नाही, पण पडदा बंद झाला. कड्यांच्या खडखडाटाने वहिनी जागी झाली, घाबरून आधी पोरीला चाचपलं, मग विचारलं, "संपला का?" काशीबाई म्हणाली, "नाई अजून, झोप तू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी माठाकडे जाऊन पुसलं.

खेळ सुटल्यावर पोर वहिनीच्या खांद्यावर होती. वहिनी दमणीत चढेपर्यंत काशीबाई मागे थांबली. मी न राहवून विचारलं की दोराचा तुकडा तर निघालाच नाही, मग तोंड पाहिलं कसं. तिने आपली मूठ वळून मला दाखवली.

"पाय धरला होता पोरीचा. असा. झोप लागली, मान पडली, पाय नाई सोडला. मी आखं रीळभर तेच पाहून राहिली होती."

दुसऱ्या दिवशी टाकीजवर घराघरातून माणसं आली. सासरे, दीर, कारभारी. मालकांना घाम फुटला. बायकांची बाजू बंद पडते की काय अशी वेळ आली. रहीमभाईंनी सगळ्यांपुढे सांगितलं की तुकडा कापला म्हणून घंटी गेली, आणि कापायला कोणी सांगितलं तेही सांगितलं. मालकांनी मुकाट्याने तुकडा परत लावायला लावला. रहीमभाई त्या दिवशी फिल्म चिकटवताना गुणगुणत होते. शिट्ट्या परत सुरू झाल्या, पण कडी मी स्वतः तेल घालून घासली आणि घंटी पुन्हा कधी चुकली नाही.

खेळाच्या शेवटच्या दिवशी काशीबाई एकटी आली. सामान दमणीतच होतं, संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं. त्याच बाकावर बसली. ह्या वेळी तिने खेळ पाहिला. सातव्या रिळात बाईने दोर उचलला, घंटी झाली, रीळ संपता संपता मी पडदा ओढला, आणि दिवे लागताच काशीबाई उठून दाराशी आली. मी म्हटलं, "माय, शेवट राह्यला अजून. इन्स्पेक्टर येते."

"त्याले काय ठाव?" ती म्हणाली. दारात थांबली. मग मला विचारलं, "तू तर रोज पाह्यतं. ते बाई दोर टाकते का नाई, तुले कधी दिसलं?"

"नाई," मी म्हटलं. "तिथंच रीळ संपते."

तिने मान हलवली. डोळे भरले होते, पुसले नाहीत.

"मंग माह्यासाठी बी तिथंच संपू दे."

दमणी स्टेशनकडे गेली. तुळशी अकोल्यातच राहिली.